धडा सातवा

सातव्या धड्यात फ्रान्समधलं एक खेडं आहे.
पानभर चित्र: दगडी घरं, निळ्या झडपांच्या खिडक्या,
बुटकं चर्च, मागे गव्हाचा उतार,
आणि एक गाय, जिचा मागचा पाय
छापताना पानाबाहेर राहिलाय.
गावाचं नाव सां-व्हेरां. वस्ती एकशे बारा.
पुस्तक छापून छत्तीस वर्षं झाली,
मी दर वर्षी एकशे बाराच शिकवते.

रामबागेत, छापखान्याच्या वर, माझी शिकवणी.
खाली लग्नपत्रिकांचं मशीन धडधडतं,
वर आम्ही नाकातून बोलायला शिकतो.
बहुतेक मुलं हॉटेलातल्या नोकऱ्यांसाठी येतात,
एखाददुसरा कॅनडासाठी.
पवित्रा मुकाती कशासाठी येते, ते तिनं सांगितलं नाही.
फॉर्मवर गाव लिहिलं: जामुडी.
डाकूसारखं तोंड बांधून स्कूटीवरून येते,
ओढणी सोडता सोडता विचारते,
मॅडम, चित्रात माणूस का नाही?

मी म्हटलं, चर्चच्या घड्याळात बारा वाजलेत बघ.
जेवत असतील.
गहू इतका पिवळा झालाय, ती म्हणाली,
आणि सगळं गाव घरात बसून जेवतंय?

शब्दार्थ फळ्यावर लिहिले.
आय, म्हणजे लसूण.
इथे माझा खडू दर वर्षी जरा थांबतो,
कारण माझे वडील त्यांच्या आईला आय म्हणायचे.
पुढचा शब्द: मेर. म्हणजे आई.
पवित्रा हसली.
आमच्याकडे मेर म्हणजे शेताचा बांध, मॅडम.
आमच्याकडेही, मी म्हटलं.
मग दोघी फळ्याकडे बघत राहिलो:
लसणीला आय
आणि आईला मेर.
बरोबरच आहे, ती म्हणाली,
माझी आई दिवसभर तिथंच बसलेली असते.

गृहपाठ: तुमच्या गावाविषयी दहा वाक्यं लिहा.
तिनं चौदा लिहिली.
माझं गाव लहान आहे.
माझी आई बांधावर लसूण निवडते.
लसूण पांढरा आहे आणि त्याची सालं उडतात.
काका ट्रॅक्टरवर झोपतात.
कुत्र्याचं नाव मेजर आहे.
देवळात एक पेटी आहे, तिचा एक सूर वाजत नाही,
तो आम्ही तोंडानं म्हणतो.
उतारावर गहू आहे.
उताराच्या पलीकडे गहू आहे.
तिनं गहू स्त्रीलिंगी केला होता, तेवढा मी बदलला.
बाकी लाल शाईला काम नव्हतं.

मार्चात भाच्यासोबत प्लॉट बघायला गेले, सुपर कॉरिडॉरच्या पुढे.
एजंट म्हणाला, लोकेशन एकदम जामुडी, आंटी.
सपाट मुरूम, चुन्याच्या रेघा, एक पाण्याची टाकी.
नमुन्याच्या घराला निळ्या झडपा होत्या.
मी एक ओढून पाहिली.
भिंतीवर स्क्रूनं बसवलेली, उघडत नव्हती.
उतारसुद्धा ठेवला नव्हता त्यांनी.
किती वर्षं झाली, मी विचारलं.
चार, तो म्हणाला, रजिस्ट्री क्लिअर आहे.

सोमवारी वर्ग सुटल्यावर तिला थांबवलं.
तेव्हा कळलं, सांवेर रोडला फ्लॅट आहे, तिसरा मजला.
काकांना लिफ्ट आवडते.
आई बाल्कनीत बसून निवडते,
लसूण आता विकतचा.
मेजरविषयी मी विचारलं नाही.
अगं, मग असं का लिहिलंस, मी म्हटलं,
आहे, आहे, आहे?
तिनं ओढणी बांधायला घेतली होती,
आतून आवाज आला,
भूतकाळ अकराव्या धड्यात आहे ना, मॅडम.

पोर्शन जुलैपर्यंत संपवायचा असतो.
कॅनडावाला घाई करतो,
पुढचं केव्हा घेणार, विचारतो.
दहावा होऊन तीन आठवडे झाले.
मी उजळणी घेते.
सातवा काढा, म्हणते, पान एकेचाळीस.
पवित्रा, वाच.
खाली मशीन कुणाच्या तरी पत्रिका छापतं,
आणि ती मोठ्यानं वाचते:
गावात एकशे बारा माणसं आहेत.